दुसऱ्याच्या नंबरावर

भाताची कापणी सुरू झाली की सोमाटण्याहून परंदवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचा वास बदलतो. पावसाळाभर तिथं चिखल आणि शेवाळ असतं. मग दिवाळीच्या आगेमागे एका सकाळी ओल्या पेंढ्याचा गोडसर, किंचित आंबूस वास येतो आणि तो पुढं महिनाभर हलत नाही. धुकं इतकं खाली उतरलेलं असतं की विळ्याची खरखर आधी ऐकू येते आणि कापणारी बाई नंतर दिसते. गेल्या आठवड्यात तो वास आला आणि पळता पळता माझे पाय थांबले. दमले नव्हते. बरोबर दोन वर्षांपूर्वीच्या या हंगामात मी आणि कुसुम याच रस्त्यावर पळत होतो आणि मला वाटत होतं, आपल्या आयुष्यात इतकं चांगलं काही फार वर्षांनी घडतंय.

मी तळेगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पळायला लागले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. लेक शिकायला बंगळूरला गेली, नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि सकाळच्या वेळेचं काय करायचं ते मला कळेना. शाळेतल्या एका मैत्रिणीनं लोणावळ्याच्या रविवारच्या गटाबद्दल सांगितलं. तिथं अजित सर भेटले. साठीच्या जवळचे, काटक, बोलायला मऊ. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त विजेचे खांब दाखवले. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिथून तिसऱ्यापर्यंत चालायचं, एवढंच. भुशी धरणावरून वर जाणाऱ्या चढावर ते माझ्यापुढं उलटे, माझ्याकडे तोंड करून पळायचे आणि म्हणायचे, "बाई, खांद्यात भांडणं साठवून पळू नका. सोडून द्या." मी खांदे सैल सोडले की खरंच श्वास खाली पोटात उतरायचा. चोवीस वर्षं मी मुलांना शिकवत होते. मला कुणी काही शिकवून फार काळ लोटला होता. त्या माणसासमोर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. गुरुपौर्णिमेला आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना शाल दिली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो, आणि मग वाटतं, त्या वेळचं पाणी खोटं नव्हतं. खोटं काय होतं ते नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही, हाच खरा त्रास आहे.

कुसुम भेटली ती रस्त्यात. एके सकाळी मी परंदवडीच्या वळणावर घड्याळाकडे बघत, मोजून मापून पळत होते आणि मागून कुणीतरी आलं, मला ओलांडून गेलं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, छातीशी डबा धरलेला, पायात कंपनीनं दिलेले कॅनव्हासचे बूट. जाता जाता मान वळवून म्हणाली, "बाई, गाडी चुकंल." आणि धुक्यात नाहीशी झाली. तिची मुलगी प्रणाली आमच्या शाळेत आठवीत होती, म्हणून ती मला ओळखत होती. आंबीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती कामाला होती आणि कंपनीची बस धरायला रोज सोमाटणे फाट्यापर्यंत पळत जायची. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई, डबा न हिंदकळता असं पळत होती की मी मोजलेली सगळी मापं मला खुळी वाटली.

मी अजित सरांना तिच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, तिला मॅरेथॉनसाठी तुम्हीच तयार करा. शिकवता शिकवता तुम्हीही शिकाल. त्यांनी मला वर्षभराच्या सरावाचा कागद आखून दिला आणि मी परंदवडीला कुसुमच्या दारात जाऊन उभी राहिले. सासऱ्यांनी दोन प्रश्न विचारले, नवऱ्यानं एकही विचारला नाही, आणि कुसुम म्हणाली, "कामाची येळ सोडून कवाबी."

तिला वेगानं पळायला शिकवावं लागलं नाही. हळू पळायला शिकवावं लागलं. लांब पल्ल्याचं सगळं शिक्षण हळू पळण्यातच असतं, हे तिला पटेना. शिरगावच्या रस्त्यावर, साईबाबांच्या देवळाकडे जाणाऱ्या गुरुवारच्या गर्दीतून आम्ही जायचो तेव्हा ती कुरकुरायची, की एवढं हळू तर मी बैलामागं चालते. मी तिला बोलता बोलता पळायला लावायची. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, असा नियम. त्यामुळे त्या वर्षात मला तिची सगळी हकिगत कळली. माहेर पवना धरणाकडचं. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत ती पहिली आली होती, पण बक्षीस घ्यायच्या दिवशी घरी भातलावणी होती, म्हणून ते दुसऱ्या मुलीनं घेतलं. हे तिनं हसत सांगितलं होतं. मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

मीही तिला पुष्कळ सांगितलं. नवऱ्याशी फोनवर बोलताना विषय संपतात, हे मी तिच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

कापणी आली आणि ती पंधरा दिवस दिसली नाही. मी रागावले. कागदावरच्या चौकटी रिकाम्या राहत होत्या. शेवटी शेतावर गेले तर ती खळ्यावर भात झोडत होती, दोन्ही हात डोक्यावरून नेऊन पेंढी आपटत होती, आणि तिच्या कपाळावर भाताचं कुसळ चिकटलेलं होतं. मला बघून तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि रविवारी येते म्हणाली. आली, तेव्हा पंधरा दिवस न पळता आधीपेक्षा वेगात होती.

त्याच रविवारी मी तिला पहिल्यांदा लोणावळ्याला नेलं. धरणावरून वरचा चढ तिनं एकदाही न चालता पार केला. वर दरीच्या कडेला वारा इतका होता की आम्ही सगळे पाठ करून उभे होतो. अजित सरांनी घड्याळाकडे एकदा पाहिलं, मग परत पाहिलं. त्यांच्या शेजारी वृंदाताई होत्या. लोणावळ्यात त्यांचा बंगला आहे, शनिवार-रविवार येतात. बाई मनानं मोकळ्या. गटातल्या सगळ्यांसाठी खजूर आणि केळी आणायच्या. परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीत उतरायचं हे त्यांचं फार दिवसांचं स्वप्न होतं. तिथं प्रवेश मिळायला आधी कुठंतरी ठरावीक वेळेत मॅरेथॉन पूर्ण केल्याची नोंद लागते, आणि ती वेळ त्यांच्यापासून तासभर लांब होती. त्या दिवशी त्या कुसुमकडे बघत राहिल्या. सर वृंदाताईंकडे बघत राहिले. मला ते कौतुक वाटलं. पुढच्या रविवारी वृंदाताईंनी कुसुमला नवे बूट आणून दिले, आणि मी घरी येऊन नवऱ्याला फोनवर सांगितलं की जगात अजून चांगली माणसं आहेत.

जानेवारीतल्या मॅरेथॉनचा अर्ज आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर भरला. इंग्रजी मी लिहिलं, सही कुसुमनं केली, कागदावर नीट हात टेकवून, अक्षराअक्षराला थांबत. सगळ्या गटाचे अर्ज सर एकत्र पाठवणार होते, म्हणून तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. ती घडी मला अजून दिसते.

शर्यतीच्या आठवड्यात माझ्या नडगीच्या हाडात दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी पळू नका म्हणून सांगितलं. शिवाय शाळेत सराव परीक्षा. कुसुम गटाबरोबर गेली आणि मी घरी राहिले. आदल्या दिवशी सरांना तिचा नंबर विचारला, म्हणजे मला फोनवरून ती कुठवर आली ते बघता येईल. पाठवतो म्हणाले. आला नाही. सकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोन घेऊन बसले. नंबर नाही तर नावानं शोधावं म्हणून तिचं नाव टाकलं. नाव सापडेना. आडनावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहिलं. दहा किलोमीटरची वेळ गेली, एकवीसची गेली. मनात येऊ नये ते आलं: पडली असेल, चक्कर आली असेल, गर्दीत हरवली असेल. चहा तसाच थंड झाला. दुपारच्या आत सरांचा फोन लागला तेव्हा ते शांतपणे म्हणाले की कुसुम छान पळाली, नाव टाकताना काहीतरी चूक झाली असेल, बघतो.

संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वृंदाताईंचा निकाल आला. तीन तास एकतीस मिनिटं. अभिनंदनाची रांग लागली. मीही लिहिलं, फार आनंद झाला. खरंच झाला होता. दोन आठवड्यांपूर्वी त्या माझ्याबरोबर चढावर चालत होत्या, तरी मला शंका आली नाही. शिक्षकाला मूल अचानक चांगले गुण मिळवतं तेव्हा आनंदच होतो, तसंच झालं.

सोमवारी कुसुम माझ्याकडे आली. तिळगूळ आणला होता. पायाच्या दोन नखांखाली रक्त साकळलं होतं. कसं वाटलं, विचारलं. शेवटचे सहा किलोमीटर पाय आपले नव्हते, म्हणाली. वेळ विचारली तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते काय म्हाईत न्हाई. नंबरावरची येळ मोजायची चिप चालली न्हाई म्हनले सर." मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं की मी आयोजकांना लिहीन, तुझी वेळ शोधून काढीन, काळजी करू नको. तिनं हात काढून घेतला नाही.

लिहायचं तर तिचा फोटो जोडावा म्हणून मी शर्यतीच्या फोटोंच्या पानावर गेले. तिथं नंबर टाकला की त्या माणसाचे फोटो येतात. कुसुमचा नंबर माझ्याकडे नव्हता. वृंदाताईंचा होता, त्यांच्या निकालात होता. म्हटलं, त्यांच्या आसपास कुठं ती दिसेल. नंबर टाकला. अकरा फोटो आले आणि अकराही फोटोंत कुसुम होती. कमरेला ओढणी, कपाळावर ओले केस, छातीवर दुसऱ्या बाईचा नंबर चार पिनांनी टाचलेला. शेवटच्या फोटोत ती रेषा ओलांडत होती आणि तिचं तोंड हसत नव्हतं, रडतही नव्हतं. तालुक्याच्या स्पर्धेतलं ते बक्षीस मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर, बस यायच्या आधी, मी तिला गाठलं. फोन पुढं धरला. तिनं फोटो पाहिला आणि बराच वेळ पाहिला; स्वतःला पळताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग तिनं सगळं सांगितलं. तिथं पोचल्यावर सर म्हणाले होते की तुझा नंबर आलाच नाही. वृंदाताईंचा पाय दुखतोय, त्यांचा नंबर रिकामा आहे. त्यावर पळतेस का, नाहीतर बसून राहा. आणि बाईंना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल.

"मला पळायचं व्हतं, बाई," ती म्हणाली. "वरीसभर त्येच्यासाटीच उटले. कागदावर कुनाचं नाव लागतंय ते मी बगितलं न्हाई."

मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि बसची वाट बघणाऱ्या बायका बघत होत्या. ती म्हणाली, तुमचं तोंड बघवलं नसतं. मग बस आली. पायरीवर पाय ठेवताना तिनं मागं वळून सांगितलं की जाऊ द्या आता, माझं पळून झालं.

मला जाऊ देता आलं नाही. मी सरांकडे गेले. त्यांनी नाकारलंही नाही. अंगणातल्या खुर्चीवर मला बसवून, चहा मागवून, चढावर बोलायचे त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तिला पळायला मिळालं, वृंदाताईंना प्रवेश मिळेल. कुणाचं काय गेलं, सांगा." मी ते ऐकून घेतलं. चहासुद्धा पिऊन आले, याची आजही लाज वाटते. उत्तर परतीच्या रस्त्यात, कामशेतच्या पुढं कुठंतरी सुचलं: कुणाचं काय गेलं हे जिचं गेलं तिला विचारायला हवं.

घरी येऊन मी आयोजकांना सगळं लिहिलं. फोटो जोडले, दोघींची नावं दिली. रागानं लिहिलं, पण तेव्हा मला तो राग वाटत नव्हता, न्याय वाटत होता. आज तो मजकूर वाचला तर त्यात 'मी शिकवलेली धावपटू' हे शब्द तीनदा येतात. म्हणजे ती वेळ मलाही हवी होती. तीन तास एकतीस मिनिटांत माझ्याही पहाटा होत्या, आणि त्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेल्या होत्या.

उत्तर आठ दिवसांनी आलं. पहिल्या वाक्यात लिहिलं होतं की आमच्या गटाकडून कुसुमच्या नावाचा अर्ज आलेलाच नव्हता. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. अर्ज दिवाळीनंतर दिला होता. म्हणजे नंबर ऐनवेळी चुकला नव्हता. घडी खिशात गेली त्या दिवशीच ठरलं होतं. त्यानंतर दोन महिने सर दर रविवारी तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते, तिच्या पावलांची लांबी मला समजावून सांगत होते, तिला मीठ-लिंबाचं पाणी देत होते. आणि मी तिला तयार करत होते. कुणासाठी, ते त्यांना माहीत होतं. वृंदाताईंना कधीपासून माहीत होतं, ते मला आजही ठाऊक नाही. बूट त्यांनी कुठल्या मनानं आणले होते, तेही नाही.

पुढच्या वाक्यात निर्णय होता. तो निकाल रद्द. नंबर देणारी आणि तो लावून पळणारी, दोघींनाही दोन वर्षं बंदी. सरांबद्दल एक अक्षर नव्हतं.

कुसुमला सांगायला मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात चालत राहिले. मी म्हणाले की मला वाटलं होतं ते तुझी वेळ तुझ्या नावावर करतील. त्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"सरांनी निदान इचारलं तरी व्हतं, ह्या नंबरावर पळती का म्हनून," ती म्हणाली. "तुमी तेबी न्हाई इचारलं."

उठून आत गेली. थोड्या वेळानं सासूबाई चहा घेऊन आल्या, आणि मी समजले की ती आता बाहेर येणार नाही.

गटातून मला कुणी काढलं नाही. फक्त मी लिहिलेल्याला उत्तर येईना. सरांनी कुणाकुणाला सांगितलं की बाईंना स्वतःला पळता आलं नाही, त्याचा हा राग आहे. लोकांनी ते मानलं, कारण मानायला सोपं होतं आणि रविवार चालू ठेवायचे होते. महिन्याभरानं मीच बाहेर पडले. वृंदाताईंचा बंगला बरेच दिवस बंद दिसायचा, असं ऐकलं. सरांचा गट आता दुप्पट झालाय. गेल्या रविवारी ते सगळे रंगीत बनियनांत जुन्या हायवेनं तळेगावकडे आले होते, आणि मला पाहून सरांनी सायकलवरून हात केला, अगदी सहज, जसं मधे काही घडलंच नाही. माझा हात अर्धा वर गेला. सवयीनं. मग मी तो खाली घेतला.

जवळजवळ दोन वर्षं मी एकटी पळते आहे. माणूस फसवतो तेव्हा त्यानं शिकवलेलं टाकून द्यावं की काय, कळत नाही. चढ आला की मी खांदे सैल सोडते आणि श्वास पोटात उतरतो, आणि प्रत्येक वेळी त्या माणसाचा आवाज आठवतो. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं श्वास घ्यायचा, ते मला येत नाही.

परवा वर्गात नववीच्या चार मुली उशिरा आल्या. बुटांना माती, गाल लाल. कुठं होतात, विचारलं, तर म्हणाल्या की कुसुममावशी सकाळी पळायला लावतात, गावातल्या मैदानावर, शनिवारपासून आणखी पोरी येणार आहेत. मी नकाशाचा धडा पुढं शिकवला. दिवसभर मात्र शिकवत होते एक आणि बघत होते दुसरंच.

शनिवारी सकाळी मी परंदवडीला गेले. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा, एका कडेला पेंढ्याच्या गंज्या, दुसऱ्या कडेला कुणाचा तरी ट्रॅक्टर. चौदा-पंधरा मुली ओळीत उभ्या होत्या आणि कुसुम त्यांच्यापुढं. केस जरा पांढरे झालेत तिचे. मला बघून ती थांबली. मी गंजीपाशीच उभी राहिले, कारण पुढं जावं की नाही ते ठरेना. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, माफीची दोन वाक्यं, आणि ती दोन्ही तोंडात आली नाहीत.

तीच मुलींकडे वळून म्हणाली, "ह्या बाई. मला पळायला ह्यांनी शिकिवलं. आन दोन वरसं शर्यतीबाह्येर बशिवलं, तेबी ह्यांनीच."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या चौघी माझ्याच वर्गातल्या. सरांचं नाव घ्यावं, अर्जाची गोष्ट सांगावी, असं एक क्षण फार वाटलं. मग मी म्हणाले, हो, खरं आहे.

कुसुमनं मान हलवली. माझ्या पायांकडे, बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली की नुसतं बघायला आलाय का पळनार हाय? पळनार असाल तर शेवटच्या पोरीच्या मागं उभ्या ऱ्हा, मधी घुसू नका.

मी ओळीच्या टोकाला गेले. शेवटची मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. तिनं मला जागा व्हावी म्हणून पाऊलभर पुढं सरकून घेतलं. कुसुमनं ओळीवरून एकदा नजर फिरवली, माझ्यावरूनही तशीच, आणि टाळी वाजवली.